हाताला दाणा लागत नव्हता

त्र्याऐंशी साली संक्रांत झाली आणि आभाळ भरून आलं. खाली कपाशीची पऱ्हाटी फुटून वावर पांढरं झालेलं, वर काळे ढग. असं आभाळ आलं की घरात माणसं राहत नाहीत, नुसते हात राहतात. समुद्रपूरच्या रस्त्याला आमचं तीन एकर. वेचायला मी, माझा मुलगा प्रेमदास आणि त्याची बायको कांता. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

कांताचा हात चांगला होता. बोंडातून कापूस असा उचलायची की काडीकचरा झाडावरच राहायचा. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. सुनेची तारीफ करायला मी काही तिची मैत्रीण नव्हते. दिवसातून दहादा तिला बोलायची, ती ओठ मिटून हात चालवायची, एकदाही उलटून बोलत नसे. मला ते जास्त झोंबायचं.

त्या दिवशी दुपारी ती दोन ओळींमधल्या तासात मध्येच खाली बसली.

"मामीजी, पाय लय दुखून राह्यले."

"वाकल्यानं कंबर दुखते. पाय काऊन दुखतीन? ऊठ, आभाळ पाह्य."

ती उठली. संध्याकाळपर्यंत वेचत राहिली. ओटी भरली की बांधाला, धुऱ्यावर रिकामी करायला जायची तेव्हा पाय ओढत होती, ते मी पाहिलं आणि ढोंग समजले. ती माझी चूक. ती मी पदरात घेते, पण तेवढीच. बाकीच्यांनी आपापली घ्यावी.

घरी येताच तिला हीव भरलं. दोनदा ओकली. डोकं धरून म्हणाली, कंदील तिकडे न्या, डोळ्याला खुपते. प्रेमदासनं किराणा दुकानातून तापाची गोळी आणून दिली. हिवताप असेल म्हणून आम्ही गोधड्या टाकल्या.

सकाळी मी चूल पेटवत होते, तर प्रेमदास आतून हसतच आला. "माय, ताप उतरला. हात पाह्य कसे थंडगार हायेत."

मी जाऊन हात पाहिले. थंड होते. पाय त्याहून थंड, नखं निळसर. पण पोटावर हात ठेवला तर चटका बसला. तापलेल्या तव्याला थंड दांडा असावा तसं ते अंग. ताप उतरताना घाम येतो, माणूस सैल पडतं, पाणी मागतं. ही सैल पडली नव्हती. पाणी पाजायला मी मानेखाली हात घालून डोकं उचललं, तर मान वाकेना. फळी उचलावी तशी पाठच वर आली. कांता कण्हली आणि डोळे न उघडता म्हणाली, "म्हातारी गेली का वावरात?"

"इथंच हाय म्हातारी," मी म्हटलं.

"जाऊ दे तिले. मंग चहा मांड."

प्रेमदासचं तोंड उतरलं. माझं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मनातलं सांगितलं होतं. पण शुद्धीतली कांता असं बोलली नसती.

ओकून खराब झालेलं लुगडं बदलायला मी प्रेमदासला बाहेर घालवलं. तेव्हा डाग दिसले. नडगीवर सातआठ, कमरेच्या निरीखाली तीनचार, मोहरीएवढे, लालभडक.

एवढ्यात माझा दीर श्रावण अंगणात आला. एक बैल आमचा, एक श्रावणचा. दोन घरांत मिळून एक जोडी, एक बैलबंडी, आणि पाळी लावून वापरायची, असं माझा नवरा होता तेव्हापासून चालत आलेलं. त्या दिवशी पाळी त्याची होती. कापूस ओला व्हायच्या आत घरात आणायचा म्हणून तो लवकर आलेला. प्रेमदासनं त्याला आजार सांगितला, डागही सांगितले. श्रावण दारातून आत डोकावला आणि दोन पावलं मागं झाला.

"वयनी, माता आली."

मी काही बोलायच्या आत त्यानं अंगणातल्या निंबाचा टाहाळा तोडला आणि दाराच्या चौकटीत खोचला. बैलांच्या गळ्यातलं जू उतरवलं.

"आता पाच दिवस जोडी जुपाची नाई. घरात फोडनी द्याची नाई. पेशंटनं उंबरठा ओलांडाचा नाई. औषध गोयी त बिलकुल नाई, माता कोपते."

छप्पन साली दीक्षा घेऊन आलो तेव्हा घरातले सगळे देव एका टोपल्यात भरून वणा नदीत नेऊन टाकले होते. टोपलं माझ्या डोक्यावर होतं. हाच श्रावण मिसरूड फुटायच्या वयाचा, मागून घोषणा देत चालला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखालच्या चौकटीत आता निंबाचा पाला.

"काऊन जी," मी म्हटलं, "आपन बुडवलेले देव पोहत परत आले का?"

"देवाचं नाव नाई घेत मी. रोगाचं नाव हाय ते. देव नसला तरी रोग त हाय."

"देवीचा रोग सरकारनं संपवला म्हनून शायेच्या भिंतीवर लिहिलं होतं. तुलेच वाचता येते आमच्या घरात."

"लिहिनं सोपं असते, वयनी."

आता मी सांगते. माता कशी असते ते मला कुणी शिकवू नये. माझा पहिला मुलगा मातेत गेला. अकरा दिवस मी त्याच्या उशाशी होते. मातेचा दाणा वर येतो, टपोरा होतो, पाण्यानं भरतो. रात्री दिवा नसला तरी हात फिरवून मोजता येतात. गोवरसुद्धा हाताला खरखरीत लागतो. मी आत गेले आणि कांताच्या नडगीवरून तळहात फिरवला. कातडी सपाट, पाटीसारखी. हाताला दाणा लागत नव्हता. डाग अंगावर नव्हते, अंगाच्या आत होते.

मग मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. ढेकूण चावला, गांधी उठली, तर दाबल्यावर लाली जाते आणि बोट काढलं की परत येते. माझ्याच हातावर डास चावलेला होता, तो डाग दाबला. पांढरा पडला. कांताचा दाबला. तसाच. पुन्हा जोर लावून दाबला. तसाच. सांडलेली शाई पुसायला जावं आणि ती आत झिरपलेली निघावी, तसं.

मी हे करत होते तेवढ्यात नडगीवरचे मोहरीएवढे डाग ज्वारीएवढे झाले. गुडघ्यावर एक बोराएवढा उठला, त्याचा रंग जांभळा. माता दिवसादिवसानं चढते. हे तर चुलीवर चहा उकळायच्या आत चढत होतं.

मी बाहेर येऊन टाहाळा उपसून फेकला.

"प्रेमदास, बंडी काढ. जामले जाऊ, तिथून एसटीनं वर्ध्याकडचा मोठा दवाखाना."

प्रेमदास काकाकडं पाहू लागला. त्याचं नेहमीचं आहे. दोन माणसं बोलत असली की हा तिसऱ्याचं तोंड पाहतो.

श्रावणनं आपल्या बैलाचा कासरा हातात गुंडाळून घेतला. "माहा बैल नाई येत. मातेच्या पेशंटले वायलेला बैल टिकत नाई."

"माता नाई ते. हात लावून पाह्य."

"मी काऊन हात लावू?"

कुडापलीकडून शेजारची सीताबाई ऐकत होती. ती म्हणाली, "जयवंताबाई, आयकजो माहं. वाटेत मेली त लोक म्हनतीन सासूनं मारली. आधीच तुमचं तोंड वाईट."

"आन घरात मेली त म्हनतीन मातेनं नेली," मी म्हटलं. "पोरगी मरते का जगते ते कोनी पुसत नाई. नाव कोनावर येते तेवढंच पाह्यता तुमी. येऊ द्या माह्यावर. माह्या नावाले आधीच लय भोकं हायेत, अजून एक पडलं त काय होते."

मी श्रावणच्या हातातून कासरा ओढून घेतला. त्यानं जरा धरला, मग सोडला. भावजयीशी अंगणात ओढाताण करताना कुडापलीकडची माणसं पाहत होती, त्याची त्याला लाज वाटली असावी. बैल मी स्वतः जुवाखाली आणला. आयुष्यभर पुरुषांनी जुंपलेली जोडी पाहिली होती. जोताची गाठ मला नीट आली नाही, ती प्रेमदासनं पुढं होऊन सोडून पुन्हा बांधली. त्या दिवशी त्यानं आपणहून केलेलं ते पहिलं काम.

बंडीत आदल्या दिवशीचा वेचलेला कापूस पसरला आणि त्यावर कांताला निजवलं. वर माझं नऊवारी पांघरलं. आमच्या गावाहून जाम तीन कोस. बैलगाडीचा रस्ता, दोन ओढे. प्रत्येक धक्क्याला ती कण्हायची, आणि कण्हणं थांबलं की मी तिला हाका मारायची.

"कांते. म्हातारी बोलून राह्यली. शिवी दे."

पहिल्या ओढ्याला तिनं "हूं" म्हटलं. दुसऱ्याला काहीच नाही. मी लुगडं उचलून पाय पाहिले. डाग एकमेकांत मिसळून जांभळे चट्टे झाले होते. उजव्या पायाची बोटं काळपट. नाकाचा शेंडासुद्धा निळा पडू लागला होता. मी प्रेमदासला काही सांगितलं नाही. तो बैलांना जितकं हाकत होता तितकंच हाकता येत होतं.

जामला पोचलो तर वर्ध्याची एसटी उभीच होती. जोडी चहाच्या टपरीवाल्यापाशी बांधून प्रेमदासनं कांताला दोन्ही हातांवर उचलून पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं लुगड्याखालून बाहेर आलेला पाय पाहिला आणि दारात आडवा हात लावला.

"माता आहे हिला. पाच पन्नास माणसं आहेत गाडीत. खाली घ्या."

गाडीतली माणसं खिडकीकडं सरकली. एका बाईनं लेकराचं तोंड पदरात लपवलं. त्यांना मी काय म्हणू. मीही तेच केलं असतं.

"माता नाई," मी म्हटलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का बाई?"

"नाई. तुमी हाव का?"

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टरचा हात तसाच.

"हात लावून पाहा," मी म्हटलं. "मातेचा दाणा हाताले लागते. एक दाणा लागला त मी सोता उतरतो, आन गाडीले हात जोडतो. नाई लागला त बेल वाजवजो. का हात लावाले आधी जात आड येत होती, आता माता आड येते?"

तो चिडला. चिडला म्हणूनच त्यानं हात लावला. वाकून कांताच्या नडगीवर बोटं ठेवली, फिरवली, मग तळवा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि दुसरंच काही आलं.

"बाई, पाय बर्फासारखा आहे हिचा."

"म्हनूनच त निघालो."

त्यानं मागची लांब सीट रिकामी करवली. रस्त्यात हात दाखवणाऱ्यांसाठी गाडी दोनदाच थांबली. तिकिटाचे पैसे त्यानं घेतलेच, पण दवाखान्याच्या फाटकासमोर थांबा नव्हता तिथं गाडी उभी केली.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या कांताहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिनं टेबलावरचा काचेचा पेला घेतला, डागावर दाबून धरला आणि काचेतून पाहिलं. मग एकदम दोन नर्सना नावानं हाका मारल्या. तिच्या आवाजावरून मला कळलं.

"कधीपासून?" सुया टोचता टोचता तिनं विचारलं.

"काल दुपारी पाय दुखले. सांजेले ताप, ओकारी. सकायी डाग, मोहरीएवढे. चहा होईपर्यंत जवारीएवढे झाले. दाबून जात नाई."

तिनं मान वर केली. "दाबून पाहायला कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? अंगठा माहा हाय."

मोठ्या बाटल्या लागल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. पाठीत सुई घालून पाणी काढलं. संध्याकाळी डॉक्टरीण माझ्यापाशी व्हरांड्यात येऊन टेकली. रोगाचं नाव तिनं सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसेना. मी दोनदा म्हणवून घेतलं. मेनिंगोकॉकस. मेंदूच्या आवरणाला होतो, आणि कांताच्या तर रक्तातच उतरलेला. बारीक शिरा फुटून रक्त कातडीखाली सांडतं, म्हणून डाग दाबून जात नाहीत. अंगातला रक्ताचा जोर उतरतो, म्हणून हातपाय थंड. लोक म्हणतात ताप उतरला.

"माह्या पोरानंही तेच म्हनलं."

"पाय दुखतात ते पण यातलंच असतं. सुरुवातीलाच."

मी तिच्याकडं पाहिलं नाही. व्हरांड्याच्या खांबाचा चुना नखानं खरवडत राहिले.

"वाचते का?"

"आज रात्र आणि उद्याचा दिवस जाऊ द्या. लघवी होत नाहीये तिला. ती व्हायला पाहिजे."

पलंगाला रबरी नळी आणि पिशवी लावलेली होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पिशवीकडं पाहत बसले. आयुष्यात मी कुठल्या मूर्तीकडं तसं पाहिलं नव्हतं. दुपारी नळीत पिवळा थेंब आला, मग दुसरा, मग बारीक धार. मी नर्सला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आजी, रडू नका. मी रडत नव्हते, डोळे जागरणानं चुरचुरत होते.

घरच्या आणि जवळ वावरलेल्या सगळ्यांना दोन दिवस गोळ्या घ्यायच्या होत्या, नाहीतर रोग त्यांनाही धरू शकतो. डॉक्टरिणीनं बजावलं, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. प्रेमदास जामला सोडलेली जोडी परत करायला गावी गेला तेव्हा मी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, काकासमोर उभा राहून त्याले गिळाले लाव. लाल लघवीचं सांगू नको.

श्रावण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दवाखान्यात आला. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाला, "वयनी, मले रक्त जाऊन राह्यलं. माता कोपली."

"माता नाई कोपली. वयनी कोपली." मग मी खरं सांगितलं. तो जाताना वॉर्डाच्या दारात उभा राहून लांबून कांताला पाहून गेला.

कांता चौथ्या दिवशी शुद्धीवर आली. पण डावीकडून हाक मारली की वळत नव्हती. तो कान गेला होता. उजव्या पायाची पाचही बोटं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं कोळशासारखी वाळली. डॉक्टरीण म्हणाली, जिवंत आणि मेलेलं यांच्यामध्ये आधी रेघ पडू द्यायची, मग कापायचं. तीन आठवडे आम्ही त्या रेघेची वाट पाहिली. ज्या दिवशी कापायला नेलं त्या दिवशी कांतानं विचारलं, "मामीजी, वेचा येईन का मले?"

"आठ बोटं पुरी, दोन अर्धी. तुह्या सासूले दहा हायेत आन तुह्याएवढं वेचता येत नाई."

तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. ऐकू नीट आलं की नाही असं वाटून मी तिच्या उजव्या कानापाशी जाऊन पुन्हा म्हटलं.

दीड महिन्यानं घरी आणली. तोवर वावरातला अर्धा कापूस भिजून काळा पडला होता. पायाची जखम पुरती भरली नव्हती. रोज उकळलेल्या पाण्यानं धुऊन पट्टी बदलायची, ती मी करायची. प्रेमदास त्या वेळी कुठंतरी निघून जायचा. बैलाला पाणी दाखवायला, नाहीतर नुसताच रस्त्यावर. त्यानं तो पाय उघडा पाहिलाच नव्हता.

होळीच्या आधी वडनेरहून भैय्याजी आला, श्रावणचा साडू. सोबत आणखी एकजण. जयभीम झाला, खाटेवर बसले. श्रावणही येऊन टेकला. इकडचं तिकडचं बोलून भैय्याजी मुद्द्यावर आला. त्याला आपल्या पुतणीचं प्रेमदासशी जमवायचं होतं.

"पहिली राहू द्या घरात," तो म्हणाला. "कोनी हाकला नाई म्हनत. पन वावराचं काम हाय, उद्या लेकरूबाकरू. थोट्या हातानं, लंगड्या पायानं कसं होईन? प्रेमदासचं वय काय हाय अजून."

कांता दारात भिंतीला टेकून बसली होती. ते लोक तिच्या डाव्या अंगाला होते, तिकडचा कान गेलेला म्हणून आवाज न दाबता बोलत होते. तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, पण माणसांची तोंडं तिला दिसत होती.

मी प्रेमदासकडं पाहिलं. तो काडीनं जमीन उकरत होता. नाही म्हणत नव्हता. होही म्हणत नव्हता. श्रावणकडं पाहत होता. श्रावण मान खाली घालून होता, त्या दिवशी त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं.

मी आत गेले. चुलीवर पट्टीसाठीचं पाणी उकळलेलं होतं. ते कोमट करून गंगाळात घेतलं, धुतलेलं फडकं घेतलं, पट्टीची गुंडाळी घेतली आणि सगळं प्रेमदासच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"आज तू बांध."

"माय, पाव्हने हायेत."

"म्हनूनच. तुह्यासाठी बायको पाहाले आले हायेत न ते? मंग त्याहिले समजू दे, बायको बिमार पडली त तू काय करतं. पोरगी द्याच्या आधी मानसानं पाह्यावं."

भैय्याजी म्हणाला, "अशी बात नाई, बाई."

"अशीच हाय. बसून राहा."

प्रेमदास उठला नाही. मी त्याच्या दंडाला धरलं नाही, ओरडलेही नाही. गंगाळ तिथंच ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिले. मला वेळ होता. वावरात वेचायला आता काही उरलं नव्हतं.

शेवटी तो उठला. गंगाळ घेऊन कांतासमोर उकिडवा बसला. कांतानं स्वतः पाय पुढं केला. त्यानं जुनी पट्टी सोडली. पहिला वेढा, दुसरा वेढा. तिसऱ्याला हात थांबले. पायाला बोटं नव्हती, पुढं गुलाबी, ओली कातडी आणि टाक्यांच्या खुणा. पाव्हण्यांपैकी दुसरा होता त्यानं तोंड फिरवलं.

"पाणी टाक," कांता म्हणाली. "हळू नको टाकू. हळू टाकलं त जास्त झोंबते."

त्यानं पाणी टाकलं. फडक्यानं टिपलं. डोळ्यातलं पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यानं खांद्याला तोंड पुसलं. नवी पट्टी गुंडाळायला लागला, ती घोट्यावरून घसरली. पुन्हा गुंडाळली.

कांतानं अर्ध्या बोटांच्या हातानं पट्टीचं टोक दाबून धरलं. तिनं वडनेरच्या पाव्हण्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"ढिली बांधली त रस्त्यात सुटते," ती म्हणाली. "घट्ट बांध. उद्या मी वावरात येतो, पऱ्हाटी उपटाची हाय."

प्रेमदासनं गाठ मारली. तिनं पाय हलवून पाहिला आणि म्हणाली, "अजून."

त्यानं गाठ सोडून पुन्हा मारली. भैय्याजी टोपी नीट करून उठला, दुसराही उठला. मी त्यांना चहाचं विचारलं नाही.